मैनेच्या पायाचा निकाल

दिवाळी सरली की आमच्या अर्जुनी मोरगावच्या आसपास गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. धान कापून झालेल्या बांध्यांतून नव्या पायवाटा पडतात, कुठे धान मळायचा चुरणा चालू असतो, तलावातले शिंगाडे उकडून विकायला येतात, आणि या सगळ्यावरून भोंग्याचा आवाज फिरत राहतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयाच्या खिडक्या लावून घेते, तरी तो आत येतो. त्याच्या मागून तणशीचा, धानाच्या पेंढ्याचा, वास येतो. ओलसर, गोडसर, जरासा धुरकट. गेल्या वर्षापर्यंत हा वास मला आमच्या घरचा वाटायचा, कारण घरामागच्या शेडमध्ये एक पांढरी घोडी होती आणि तिच्या पायांखाली तणस अंथरलेली असायची. यंदा तो वास आला आणि मी हातातलं पुस्तक भलत्याच कपाटात ठेवून दिलं. ते अजून सापडलेलं नाही.

बाबा जनावरांचे डॉक्टर होते. नोकरीत असेपर्यंत गाई-बैलांचे, आणि निवृत्तीनंतर ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा सगळ्यांचे. घोड्यांकडे ते वळले ते पट बंद पडल्यामुळे. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात. शर्यतींवर बंदी आली तेव्हा एका मंडईतलं पटाचं लांबलचक मैदान ओस पडलं आणि त्यावर गाजरगवत माजलं. मग मंडई समितीच्या हेमराजभाऊंनी डोकं चालवलं. हेमराजभाऊंची धानाची शेती आहे आणि बोलण्याची हौस शेतीहून मोठी आहे. बैल नाहीत तर घोडे, असं त्यांचं म्हणणं. वरातीचे घोडे गोंदियात होते, हौशी शेतकऱ्यांनी पाळलेले दोन-चार होते, दरेकशाकडच्या डोंगराळ गावांतून ओझी वाहणारी तट्टं होती. शर्यत लावायची नाही, प्रदर्शन भरवायचं. पंच कोण, तर डॉक्टर. पुढे पट पुन्हा सुरू झाले, तरी घोड्यांची ती एक सकाळ मंडईत टिकून राहिली.

बाबांनी तीन-चार वर्ग ठरवले. एक वर्ग हाती धरून दाखवायच्या घोड्यांचा. त्यात दातांवरून वय पाहून गट पाडायचे आणि बांधा पाहायचा. एक वर्ग चालीचा. त्यात स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला पेला द्यायचा आणि घोड्याची चाल किती सपाट आहे ते सांडलेल्या पाण्यावरून ठरवायचं. एक वर्ग स्वाराचा, ज्यात घोड्याकडे पाहायचंच नाही. आणि एक नुसत्या उभं राहण्याचा.

पहिल्या वर्षी स्वाराच्या वर्गात घोळ झाला. या वर्गात घोडा नव्हे, स्वार पाहणार आहोत, असं बाबांनी भोंग्यावरून दोनदा सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण मैदान पटाचं आणि माणसंही पटाचीच. 'चला' म्हणताच एका तरुण शेतकऱ्यानं टाच मारली आणि भरधाव सुटला. त्याचं पाहून बाकीचे सुटले. बांधावरच्या लोकांनी गळ्यातले दुपट्टे उडवले. पहिला आलेला गडी धापा टाकत थेट आमच्या टेबलाशी आला.

"नंबर लिवा, डॉक्टरसाहेब."

"कशाचा?"

"पहिला आलो ना जी."

"शर्यत कोणी लावली होती? मी तुझे हात पाहत होतो. लगाम असा ओढलास की त्याच्या तोंडाला फेसाबरोबर रक्त आलं आहे. जा, आधी तोंड धू त्याचं."

त्यानं दुपट्ट्यानं घोड्याचं तोंड पुसलं. "मंग पहिला कोण आला?"

बाबांनी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. तिथे दरेकशाकडचा पन्नाशीचा एक माणूस आपल्या तट्टावर ताठ, हलक्या हातानं लगाम धरून, सावकाश चालला होता.

"तो त अजून येऊनच राहिला ना बाप्पा," हेमराजभाऊ भोंग्यावरच म्हणाले, आणि सगळं मैदान हसलं. तो माणूस टेबलाशी पोचेपर्यंत त्याला पहिला नंबर मिळाल्याचं त्याच्याशिवाय सगळ्यांना माहीत झालं होतं.

मी बाबांची लेखनिक होते. पंचानं घोड्यावरून नजर काढायची नसते, म्हणून तो पुटपुटतो आणि शेजारचा माणूस लिहून घेतो. त्यामुळे इतकी वर्षं प्रदर्शनात बसूनही मी घोडे फार थोडे पाहिले. ऐकले मात्र खूप. बाबा नेहमी खालून वर जायचे. "खूर चांगले. पुढचे गुडघे सरळ. मागचे किंचित आत. पाठ लांब. मान ठीक. डोळा सुंदर, पण डोळ्याला गुण नाहीत." चेहऱ्याकडे ते सगळ्यात शेवटी पाहायचे. चेहऱ्यावर माणूस भाळतो आणि मग पाय दिसत नाहीत, असं त्यांचं मत होतं. अंगावरच्या भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ ते सांगायला लोक टेबलाशी गर्दी करायचे. बाबा ऐकून घ्यायचे आणि मला खूण करायचे, की हे लिहू नकोस.

निकालानंतर भांडायला येणाऱ्यांना ते एकच सांगत. "आज, इथे, इतक्यांत, मला असं वाटलं. याहून जास्त काही त्या बक्षिसाच्या रिबिनीत नाही." मला तेव्हा हे फार कोरडं वाटायचं. आता वाटतं, बहुतेक निकाल इतक्याच जागेत मावतात. बाकीचं आपण नंतर भरतो.

पंचाचा चेहरा कोरा असावा, हेही त्यांचंच. घोडा आवडला हे मालकाला कळता कामा नये, नावडला हेही. मी लेखनिक असूनही तो चेहरा शिकले आणि तो घरीही तसाच राहू लागला. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी बाबा गेले, तेव्हा माणसं भेटायला येत होती, बसत होती, आणि मी समोर तोच चेहरा घेऊन चहा देत होते. शेजारच्या पारबताबाई दुसऱ्या एकीला म्हणाल्या, "टिपूस काढला नाही पोरीनं. लय खंबीर हाय." दुसरीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, मी रिंगणात उभी आहे आणि मला बऱ्यापैकी वरचा नंबर मिळालेला आहे. आता हलले तर तो जाईल. मग मी हललेच नाही. दिवस गेले, लोक यायचे थांबले, तरी ते न हलणं माझ्या अंगात बसलं ते बसलंच.

घोडीचं नाव मैना. ती आमची नव्हती. गोंदियाच्या गुलाबभाऊंची होती. त्यांचा बँड आहे आणि वरातीचे घोडे आहेत. एका वरातीत मैनेच्या पुढच्या खुरात खिळा गेला, आत पू झाला, आणि ते तिला बाबांकडे घेऊन आले. महिनाभराचा प्रश्न होता. लग्नांचे दोन हंगाम झाले तरी ती आमच्या शेडमध्येच. "झाला का हो पाय बरा?" मी विचारायची. "अजून नाही," बाबा म्हणायचे. "मातीवर ठीक वाटतो. कडक रस्त्यावर दुखेल." म्हणून आम्ही तिला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरवायचो, मऊ मातीवरून.

फक्त दिवाळीत तिला फिरवणं अवघड व्हायचं. पाळीवर जाताना वस्तीतून जावं लागे, आणि दारात पणत्या दिसल्या की मैना थांबे. दिवे लावलेल्या दाराशी थांबायचं आणि नवरदेव उतरेपर्यंत हलायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. पाठीवर कोणी नसताना उतरणार कोण? ओढून, चुचकारून काही व्हायचं नाही. शेवटी मी तिच्या डाव्या बाजूला जायची, इकडेतिकडे पाहायची आणि हात वर करून कोणाला तरी आधार देऊन खाली उतरवून घ्यायची. अगदी नीट, वजन पेलल्यासारखं. मग ती पुढच्या पणत्यांपर्यंत चालायची. एकदा पारबताबाईंनी पाहिलं. "कोणाले उतरवून राहिली वो पोरी?" मी म्हटलं, "कोणी नाही, काकू." त्या म्हणाल्या, "मंग त्याले च्या तरी पाज."

माझ्या संस्थेचं नागपूरला मोठं कॉलेज आहे. तिथल्या ग्रंथालयात दोनदा जागा रिकामी झाली. दोन्ही वेळा प्राचार्यांनी मला विचारलं आणि दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं, की घरी बाबा एकटे आहेत आणि घोडीही आहे. हे खरं होतं. बाबा त्या घोडीत फार गुंतलेले आहेत असं मला दिसत होतं. कंबर दुखत असतानाही ते मी उठायच्या आधी शेडमध्ये जाऊन लीद काढून ठेवत. ही गेली तर हे खचतील, असं मला वाटायचं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांची तब्येत उतरू लागली तेव्हा मी गुलाबभाऊंना फोन करून सांगितलं, "मैनेला एवढ्यात मागू नका. बाबांना तिची सवय झाली आहे." ते "जी दीदी" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आणि मी रोज पहाटे उठून मैनेला चारा टाकत होते, पाणी दाखवत होते, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात तिच्याशी बोलत होते. खरं सांगायचं तर मला घोडे फारसे आवडत नाहीत. त्यांच्या अंगाचा वास कपड्यांना लागतो आणि पुस्तकांनाही. पण हे मी कोणाजवळ बोलले नव्हते.

बाबा गेले आणि मैना राहिली. घराला दार होतं, माझ्या पायाला दोरी नव्हती, तरी माझा दिवस शेड ते ग्रंथालय आणि ग्रंथालय ते शेड एवढ्यातच फिरत होता. गुलाबभाऊ भेटायला आले. बसले, चहा घेतला, बाबांच्या फोटोला हात जोडले. शेडकडे जाऊन मैनेच्या मानेवर थाप मारली. तुळशीचं लग्न झालं की वराती निघणार आणि त्यांना पांढरी घोडी लागणार, हे मला कळत होतं. पण त्यांनी तिचा विषय काढला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "दीदी, मंडईत मैनेला उतरवतो. पायतपासणीत तुम्ही पाहा. तुम्ही बाहेर म्हणालात, तर बाहेर."

याचा अर्थ मला नंतर हेमराजभाऊंनी सांगितला. ते मला पंच म्हणून बसवायला आले होते.

"मी लिहायचं काम केलं आहे," मी म्हटलं. "पाहायचं नाही."

"लिवलं म्हंजे ऐकलं ना? अन् दुसरा आणू कोठून? नागपूरचा आणला त त्याले गाडी द्या, जेवाले घाला, अन् तो आपले घोडे पाहून हासन."

"पण मैना आमच्या घरी आहे. तिचाच निकाल मी कसा देऊ? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? डॉक्टरची पोरगी होय तुम्ही. खोटं बोलता येत असतं त कवाच नागपूरले गेल्या असत्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् गुलाब कायले गप हाय, समजलं का? सुतकाच्या घरचं जनावर मांगत नाही त्याइच्यात. वर्षश्राद्ध होयेपर्यंत तोंड उघडणार नाही तो. घरानं आपल्या तोंडानं ने म्हटलं, तरच नेतीन."

म्हणजे तो शब्द माझा होता. 'बाहेर' म्हटलं की मैना आणखी एक हंगाम माझ्याकडे राहणार. 'बरी' म्हटलं की सगळ्या मैदानाला कळणार, की डॉक्टरच्या घरची घोडी वरातीला तयार आहे, आणि मग तिला घरी ठेवून घ्यायला मला तोंड उरणार नाही. ज्याचं नुकसान होणार त्यालाच पंच करायचं आणि त्याच्या खरेपणावर निर्धास्त राहायचं, हे कुठल्या नियमात बसतं मला माहीत नाही. आमच्या गावांत बसतं. तिथे कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. वाटलं ते मला एकटीला.

मंडईच्या सकाळी तलावावरून धुकं आलं होतं. जिलेबीच्या कढया अजून तापत होत्या. मैदानाच्या एका कडेला रोलर फिरवून कडक केलेली पट्टी होती. पायतपासणी तिथेच होते आणि सगळ्यात आधी होते. प्रत्येक घोडा हाती धरून पंचासमोरून दुडकत न्यायचा आणि तसाच परत आणायचा. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना घोड्याची मान वर उडते. ज्याला ऐकायची सवय आहे त्याला त्याआधीच कळतं. दुडकीचे ठोके सारखे पडावे लागतात, आणि दुखरा पाय जमिनीला हलकेच लागतो. लंगडणाऱ्याला पंच हात वर करून बाहेर काढतो. त्यावर वाद घालता येत नाही, आणि त्यात कमीपणाही समजत नाहीत.

टेबलाशी दुसरी खुर्ची रिकामी होती. लेखनिक नको, मीच लिहीन, असं मी सांगितलं होतं.

मैना आली. गुलाबभाऊंनी स्वतः धरली होती. ती दुडकू लागली आणि नेमकं तेव्हाच बिरसीच्या विमानतळावरचं एखादं शिकाऊ विमान असावं, ते घरघरत मैदानावरून गेलं. लोकांनी माना वर केल्या. मला ठोके ऐकू आले नाहीत. मान उडाली का, तेही नीट दिसलं नाही, कारण मला बघण्याची सवयच नव्हती. गुलाबभाऊ थांबून माझ्याकडे पाहत होते. तेव्हा हात वर केला असता तर कोणी काही म्हणालं नसतं. विमान दूर जाईपर्यंत मी थांबले.

"पुन्हा आणा," मी म्हटलं.

या वेळी मी डोळे मिटले. मैदान शांत होतं. ठोके आले. जातानाही सारखे, येतानाही सारखे. कुठे हलका नाही, कुठे अडखळ नाही. घड्याळाला लाज वाटावी असे. हा पाय काल-परवा बरा झालेला नव्हता. हा फार दिवसांपूर्वी बरा झालेला पाय होता, आणि अर्ध्या गुणासाठी अडून बसणारे माझे बाबा मला रोज 'अजून नाही' म्हणत आले होते.

मी डोळे उघडले. बाबांसारखं वागायचं ठरवलं, तरी कोणत्या? ज्यांनी नियम लिहिले त्यांच्यासारखं वागले तर 'बरी' म्हणावं लागत होतं. ज्यांनी घोडी बरी झाल्याचं लपवून ठेवलं त्यांच्यासारखं वागले तर 'बाहेर'. दोघंही माझेच होते आणि विचारायला एकही उरला नव्हता. मला बाबांचा राग आला. गेलेल्या माणसाचा राग येणं हे किती अडचणीचं आहे, हे तेव्हा कळलं. तो कुठे ठेवावा समजत नाही.

"बरी," मी म्हटलं.

"गुलाबभाऊ बँडवाल्याइची मैना घोडी, पाय बरोबर," हेमराजभाऊंनी भोंग्यावरून सांगितलं. बांधावर बसलेल्या काही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या घरी बहुतेक लग्नं ठरलेली असावीत.

बाकीचे वर्ग झाले. मी खालून वर पाहत गेले, चेहरे शेवटी ठेवले, गुण लिहिले. शेवटचा वर्ग उभं राहण्याचा. घोड्याला रिंगणात आणायचं, त्याचा दोर जमिनीवर टाकायचा आणि मालकानं पाठ फिरवून दूर जायचं. दोर कशालाही बांधलेला नसतो. मग बँड वाजवायचा, फटाक्यांची लड लावायची. जो जागचा हलणार नाही, तो पहिला. या वर्गात बाबा एरवी "शांत" एवढंच पुटपुटायचे. एकदा मात्र घरी आल्यावर म्हणाले होते, "या वर्गाला मी गुण देतो खरे, पण नक्की कशाला देतो ते मला कळत नाही."

लड फुटली. शेतकऱ्यांचे हौशी घोडे उधळले. तट्टं मागे सरली आणि थेट विकायला आणलेल्या उसाच्या ढिगाकडे गेली. गुलाबभाऊंची दुसरी घोडी दोन पावलं हलली. मैना हलली नाही. धूर तिच्या पोटाखालून गेला. मी तिचे कान पाहत होते, कारण घाबरलेला घोडा कान मागे पाडतो आणि कुतूहल असलेला पुढे करतो. मैनेचे कान मागेही नव्हते आणि पुढेही नव्हते. दोर तिच्या खुरांजवळ मातीत पडलेला होता. तो बांधलेला नाही, हे तिला कोणी कधी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल आणि तिला त्यानं काही फरक पडला नसेल. मी पहिला नंबर लिहिला. नियमानं तो तिचाच होता.

नंतर गुलाबभाऊ एका मोहाच्या झाडाखाली तिला खरारा करत होते. मी तिथे गेले.

"गुलाबभाऊ, मैनेला घेऊन जा," मी म्हटलं. घरानं आपल्या तोंडानं म्हणायचं असतं, म्हणून स्पष्ट म्हटलं.

त्यांनी खरारा थांबवला, पण दोर लगेच उचलला नाही. "दीदी, नाराज तो नहीं ना?"

"तुमच्यावर नाही. बाबा मला अजून नाही, अजून नाही म्हणत राहिले. आणि पाय..."

"पाय तो कबका ठीक हो गया था." गोंदियाच्या माणसाचं बोलणं असंच हिंदीत सुरू होतं आणि चालता चालता मराठीत उतरतं. "बाबूजींनी मला त्याच वर्षीच्या होळीला सांगितलं. म्हणाले, गुलाब, घोडी बरी आहे, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण राहू दे. पोरगी तिच्यात रमली आहे. रोज पहाटे उठते, तिच्याशी बोलते. घरात दुसरं कोण आहे तिला बोलायला?"

मी मैनेच्या मानेवरची तणशीची काडी काढली.

"मग गर्मीत आपका फोन आया. बाबांना सवय झाली आहे, राहू द्या."

"हो."

"तो मैं क्या करता? बाप म्हणे पोरीसाठी, पोरगी म्हणे बापासाठी. दोघं पढेलिखे. एका घरात राहून एकमेकांना विचारलं नाही, अन् मला बँडवाल्याला सांगून राहिले." ते हसले. हसण्यात टोमणा होता, पण फार नव्हता. "माझी बायको विचारे, घोडी तिथे कोणासाठी आहे? मी म्हटलं, आता घोडीलाच विचारावं लागेल."

मी दोर उचलला आणि त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला. मैना टेम्पोच्या फळीवरून न अडखळता वर चढली, जशी ती कुठेही चढली असती. टेम्पो निघाल्यावर मी तिथेच थोडा वेळ उभी होते. मग एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन आली, "घ्या ना जी, गरम हायेत" म्हणाली, आणि मी घेतले.

तेव्हापासून मी पुन्हा पुन्हा एकाच पहाटेचा विचार करते. कोणत्याही एका पहाटेचा. बाबा अंधारात उठतात, कंबर धरून लीद काढतात, कारण पोरीला घोडी हवी आहे. मी उठते, गारठ्यात चारा टाकते, मोठ्यानं मैनेशी बोलते, कारण बाबांना घोडी हवी आहे. आत त्यांना माझा आवाज ऐकू जातो आणि त्यांची खात्री पटते. बाहेर मला स्वच्छ केलेली शेड दिसते आणि माझी खात्री पटते. मधे मैना उभी असते. बाबांना घोडे पाहता यायचे, मला ऐकता यायचे. दोघांपैकी एकानंही कधी दुसऱ्याकडे तसं पाहिलं नाही, की दुसऱ्याचं तसं ऐकलं नाही.

त्या हिवाळ्यात बसस्टँडजवळ एक वरात अडली होती. मैना जरीच्या झुलीत, कपाळावर तुरा, दोन्ही बाजूंना दिव्यांची झुंबरं. नवरदेव हातातल्या मोबाईलकडे पाहत होता. मी गर्दीत अगदी जवळ होते. तिनं मला ओळखलं का, सांगता येत नाही. ओळखलं असेल तरी तिनं ते दाखवलं नाही.

शेड आता रिकामी आहे. तणस मी काढून टाकली, जमीन धुऊन घेतली. घरात पुस्तकांना वास येत नाही. सगळं जसं मला हवं होतं तसं आहे.

गेल्या आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. नागपूरची जागा पुन्हा रिकामी झाली आहे. भला माणूस आहे. यंदा त्यांनी मोठ्या उमेदीनं विचारलं, "मॅडम, आता काय अडचण आहे?"

मी उत्तर शोधू लागले. बाबांचं वर्षश्राद्ध झालं आहे. घोडी नाही. घर बंद करून किल्ली पारबताबाईंकडे देता येईल. मी एकेक गोष्ट मनात उचलून पाहत होते आणि एकही अडचण निघत नव्हती. त्यांच्या टेबलावरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, आणि खिडकीतून भोंगा ऐकू येत होता.

"मंडई आहे, सर," मी म्हटलं. "घोड्यांच्या प्रदर्शनाला मला पंच म्हणून बसायचं आहे. त्यांच्याकडे दुसरं कोणी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडई चार दिवसांत संपते, हे त्यांनाही माहीत होतं. पण ते सभ्य आहेत. "बरं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पाहू."

मी बाहेर आले, ग्रंथालयात जाऊन दार आतून लावून घेतलं आणि हेमराजभाऊंना फोन केला. यंदा मी येते आहे, असं त्यांना सांगितलं. ते आठ दिवसांपासून विचारत होते, आणि तोपर्यंत मी त्यांना हो म्हटलेलं नव्हतं.